स्मृतीच्या शेतातील बांध



बांध कोरणे म्हणजे काय, हे आपल्या भागातील श्रोत्यांना समजावून सांगण्याचे कारण नाही. नांगरणीच्या वेळी एक तास शेजाऱ्याच्या बांधाला लावून घालावयाचे. पुढल्या साली आणखी एक. कोणाच्या लक्षातही येत नाही. मग केव्हातरी, बहुधा वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी, मोजणीदार येतो आणि कागदावरील क्षेत्र जमिनीवर भरत नाही असे दिसून येते. तंटा त्या दिवशी उभा राहतो. परंतु तंट्याचे मूळ त्या दिवसात नसते, आणि ज्याने पहिले तास घातले तो मनुष्य कित्येकदा या जगातही नसतो.

संगणकाच्या स्मृतीचा इतिहास वाचताना मला हा दृष्टांत वारंवार आठवतो, आणि तो केवळ शोभेसाठी मी योजलेला नाही. या शास्त्राच्या एका थोर ग्रंथात ‘हद्दीच्या खुणा’ अशाच अर्थाची संज्ञा आली आहे. स्मृती ही एक प्रकारची जमीनच आहे. ती मागून घ्यावी लागते, परत करावी लागते. तिचे तुकडे पडतात, ते जोडावे लागतात. प्रश्न एवढाच की, तिची नोंद कोणी ठेवावयाची? सी नावाच्या भाषेने अर्धशतकापूर्वी या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याची किंमत जग अजून फेडीत आहे. तिचा एक लहानसा हप्ता माझ्या वर्गातील एका मुलीला विनाकारण भरावा लागला. तो प्रसंगही ओघात सांगेन.

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या कोठड्यांची एक लांबच लांब ओळ. एका कोठडीस बाइट म्हणतात आणि तीत रोमन लिपीतील एक अक्षर मावते. प्रोग्राम चालू असताना त्याला आपले आकडे, नावे, याद्या कोठेतरी ठेवावयाच्या असतात. १९५७ साली आय.बी.एम. कंपनीने फोरट्रान भाषा प्रसृत केली तेव्हा हा प्रश्न अगदी सरळ होता: प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक वस्तूची जागा कायमची ठरून गेलेली असे. शंभर आकड्यांची जागा आखली आणि एकशे एकावा आला, तर त्याला दार बंद. १९६० च्या अल्गोल भाषेने चळतीची सोय प्रचारात आणली. ताटांच्या चळतीप्रमाणे जे शेवटी ठेवले ते आधी उचलावयाचे. ही व्यवस्था फार सुरेख आहे. पण ज्या वस्तू आल्या त्या क्रमाच्या उलट क्रमाने जाणाऱ्या नाहीत त्यांचे काय? ग्रंथालयातून सोमवारी नेलेले पुस्तक मंगळवारी परत येईल, की सहा महिन्यांनी, हे कोण सांगणार? अशा वस्तूंसाठी जी मोकळी जमीन राखून ठेवतात तिला हीप म्हणजे ढीग असे नाव पडले. आपला सारा तंटा या ढिगातला आहे.

या ढिगाची नोंद यंत्रानेच ठेवावी, ही कल्पना सीच्याही आधीची आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८-५९ च्या सुमारास लिस्प भाषा सिद्ध केली. तिच्यात जागा परत करण्याची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर नव्हती. जागा संपत आली की एक झाडूवाला जागा होई, कोणत्या कोठड्यांकडे अद्याप कोणाचे लक्ष आहे ते पाही आणि उरलेल्या सर्व मोकळ्या करी. मॅकार्थींनी पुढे लिहिलेल्या आठवणींत एक मौजेचा प्रसंग आहे. उद्योगपतींच्या एका मेळाव्यापुढे लिस्पचे प्रात्यक्षिक चालू होते. सारे सुरळीत चालले असताना यंत्राची जागा संपली आणि झाडूवाला कामाला लागला. एवढ्यावर भागले नाही. आपण कामाला लागलो आहोत व त्याची काही मनोरंजक आकडेवारी पुढे देत आहोत, असा सविस्तर निरोप तो टंकयंत्रावर सेकंदाला दहा अक्षरे या संथ गतीने छापू लागला. वेळ संपला, प्रात्यक्षिक अर्धवट राहिले आणि आपली कोणी थट्टा केली असे वाटून श्रोते हसू लागले. या हशात एक गंभीर आक्षेप दडलेला आहे. दुसऱ्याने ठेवलेली नोंद सोयीची खरी. पण तो दुसरा आपल्या वेळेला काम करीलच असे नाही.

१९६८ साली डोनाल्ड नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. ढिगातील जागा कशी वाटावी याचे शास्त्र त्यात प्रथमच पद्धतशीर मांडलेले आढळते. जमीन मागेल तशी दिली व परत येईल तशी ठेवली, की थोड्याच वेळात तिचे असंख्य बारीक तुकडे होतात. एकूण मोकळी जागा पुष्कळ, पण सलग म्हणावी अशी कोठेच नाही. मुंबई प्रांतात १९४७ साली शेतजमिनीसंबंधी जो तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला, तोही नेमक्या याच रोगावरचा उपाय होता. नूथ यांचा उपाय असा की, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक खूण पुरावयाची. तुकडा केवढा आहे आणि तो कोणाकडे दिलेला आहे की मोकळा आहे, एवढेच तिच्यावर कोरलेले असेल. तुकडा परत आला की डावीकडची व उजवीकडची खूण वाचावयाची, आणि शेजारचा तुकडा मोकळा असेल तर दोहोंचा एक करावयाचा. उपाय अत्यंत चतुर आहे. परंतु या खुणा जमिनीबाहेर कोठे कचेरीत ठेवलेल्या नसतात. पिकाच्या शेजारी, त्याच मातीत, त्या पुरलेल्या असतात. ज्याचा नांगर हद्दीबाहेर जाईल तो शेजाऱ्याचे पीक तर नांगरीलच, पण खूणही उखडून टाकील. पुढील सर्व अनर्थाची गुरुकिल्ली या एका गोष्टीत आहे.

आता सीकडे वळू. न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथे केन टॉम्प्सन व डेनिस रिची या दोघांनी १९६९ पासून युनिक्स ही कार्यप्रणाली उभारली आणि तिच्याच गरजेतून १९७२ च्या सुमारास रिची यांच्या हातून सी भाषा आकारास आली. १९७३ साली युनिक्सचा गाभाच सीमध्ये नव्याने लिहिला गेला. हे काम ज्या पीडीपी-११ यंत्रावर सुरू झाले त्याची आरंभीची स्मृती २४ हजार बाइटांची होती, असे रिची यांनीच नमूद केले आहे. त्यांतील १६ हजार प्रणालीला लागत आणि वापरणाऱ्याच्या प्रोग्रामला ८ हजार उरत. आजच्या साध्या भ्रमणध्वनीने काढलेल्या एका छायाचित्राला याच्या शंभरपट जागा सहज लागते. जेथे आठ हजार कोठड्यांत संसार थाटावयाचा, तेथे तलाठी, सर्कल, मामलेदार यांना बसावयास जागा कोठून आणावी? सीने तो डोलाराच टाळला. सीमध्ये पॉइंटर म्हणजे कोठडीचा नुसता क्रमांक. त्या क्रमांकापासून पुढे किती जमीन आपली आहे, हे त्या क्रमांकावर लिहिलेले नसते. ते ज्याचे त्याने ध्यानात ठेवावयाचे. मालॉक या आज्ञेने जागा मागावी, फ्री या आज्ञेने परत करावी, आणि मधल्या काळात आपण हद्दीत राहिलो की नाही हे आपल्या सद्सद्विवेकाला विचारावे.

हा निष्काळजीपणा होता असे कोणी म्हणेल तर मी सहमत होणार नाही. कार्यप्रणाली लिहिणारी माणसे मूठभर होती, एकमेकांच्या शेजारी बसत, आणि आपल्या यंत्राचा प्रत्येक बाइट ओळखीत. त्या काळची मोकळीक किती होती याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९७९ साली निघालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत असे नमूद आहे की, परत केलेला तुकडा पुढली मागणी होईपर्यंत पुन्हा वापरात घेऊन त्याचा आकार बदलता येतो. म्हणजे ताबा सोडलेल्या जमिनीत पुन्हा पाऊल टाकणे ही त्या वेळी चूक तर नव्हेच, पण जागा सलग करण्याची एक मान्य युक्ती होती! १९८९ साली भाषेचे प्रमाण ठरले तेव्हापासून अशा जमिनीत पाय ठेवणाऱ्याचे काय होईल याची कोणीच हमी घेत नाही. दरम्यान कर्निघन व रिची यांचे १९७८ चे छोटेखानी पुस्तक जगभर पोहोचले होते. त्याच्या शेवटल्या प्रकरणात ढिगाची वाटणी करणारा एक प्रोग्राम थोड्याशा पानांत लिहून दाखविला आहे. तो वाचून शिकलेले हजारो लोक मरे हिलच्या खोलीत कधी बसले नव्हते. शेजारधर्मावर चालणारी व्यवस्था अनोळखी लोकांच्या शहरात गेली.

चुका मोजक्याच प्रकारच्या होत. जमीन घेऊन परत न करणे, हा पहिला. याने प्रोग्राम फुगत जातो आणि महिन्यांनी कधीतरी यंत्राची जागा संपते. एकच तुकडा दोनदा परत करणे, हा दुसरा. परत केलेल्या तुकड्यात वहिवाट चालू ठेवणे, हा तिसरा आणि फार दगाबाज. कारण नवा धारक येईपर्यंत जुने पीक तेथे जसेच्या तसे उभे दिसते. सिमसिटी नावाच्या प्रसिद्ध खेळात हीच चूक राहून गेली होती, आणि विंडोजच्या जुन्या आवृत्तीवर ती कोणालाही जाणवली नव्हती. विंडोज ९५ तयार होत असता हा खेळ कोसळू लागला. तेव्हा हा खेळ चालू आहे असे दिसताच परत आलेली जमीन लगेच दुसऱ्याला देऊ नये, अशी खास तजवीज नव्या प्रणालीतच करण्यात आली, असे सांगतात. गुन्हा कुळाचा आणि कायदा बदलला सरकारने. चौथा प्रकार बांध कोरण्याचा. आमच्या शाळेतील प्रकरण त्यातले.

मी शाळेत संगणक शिकवितो. फार मोठा पंडित नाही; पुस्तकातले चार धडे मुलांच्या एक पाऊल पुढे राहून वाचतो इतकेच. काही वर्षांपूर्वी अकरावीच्या दोन विद्यार्थ्यांना मी वर्ग-ग्रंथालयाची नोंदवही सी भाषेत लिहावयास सांगितली. पुस्तक नेणाऱ्याचे पूर्ण नाव नोंदविण्याचा भाग एका मुलाकडे, आणि पुस्तक परत आल्यावर नोंद काढून टाकण्याचा भाग एका मुलीकडे. काम झाले, तपासले, उत्तम चालले. तीन महिने वर्गाने ती नोंदवही वापरली. मग एके दिवशी एक पुस्तक परत आले, मुलीने लिहिलेला भाग चालू झाला आणि ‘परत केलेला आकार अयोग्य’ अशा अर्थाचे वाक्य पडद्यावर टाकून प्रोग्राम कोसळला. पुन्हा चालविला तर नीट चालला. दोन दिवसांनी पुन्हा कोसळला, पुन्हा तिच्याच भागात. मी तिची ओळ न् ओळ वाचली. मला काही सापडले नाही. पण कोसळतो तर इथेच ना, असे म्हणून मी तिचे गुण कापले. “सर, मी घेतलेलीच जागा परत करते आहे, दुसरं काही करत नाही,” असे ती दोनदा म्हणाली. मी ऐकले नाही.

हे प्रकरण सुटले ते एका माजी विद्यार्थ्यामुळे. सुटीत घरी आलेला असताना त्याने तो प्रोग्राम पाहिला आणि वाचावयाच्या फंदात न पडता तो वॅलग्राइंड नावाच्या साधनाखाली चालविला. हे साधन काय आहे हे सांगण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

सीने जी नोंद ठेवली नाही ती बाहेरून ठेवण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकापासून सुरू झाले. ब्रूस पेरेन्स यांच्या ‘इलेक्ट्रिक फेन्स’चे तत्त्व नावाप्रमाणेच होते. प्रत्येक तुकडा अशा रीतीने द्यावयाचा की त्याच्या बांधाला लागूनच प्रवेश निषिद्ध असलेली जमीन असावी. पाऊल पडले की झटका. म्हणजे चूक घडली त्याच क्षणी व त्याच जागी प्रोग्राम थांबतो. दोष एवढाच की यासाठी जमीन भरमसाट खर्ची पडते. मग रीड हेस्टिंग्ज व बॉब जॉइस यांनी ‘प्युरिफाय’ केले; त्यांचा निबंध १९९२ चा आहे. तयार प्रोग्राममध्येच जागोजाग पहारेकरी पेरावयाचे, आणि दिलेली नाही, दिली पण पेरलेली नाही, दिली व पेरली आहे, या तीन अवस्थांची नोंद प्रत्येक बाइटापुढे ठेवावयाची, असा हा मार्ग. हेच हेस्टिंग्ज पुढे १९९७ साली नेटफ्लिक्सच्या संस्थापकांत होते. त्यांनी चित्रपट घरोघर पोहोचविले हे लोकांना ठाऊक असते, त्यांनी एके काळी बाइटांची पाहणीपत्रके भरली हे मात्र नसते.

प्युरिफाय विकत घ्यावे लागे. २००२ साली ज्यूलियन सेवर्ड यांनी वॅलग्राइंड सर्वांना मोफत खुले केले आणि निकोलस नेदरकोट यांच्या साहाय्याने ते वाढविले. नॉर्स पुराणांत वीरगतीस गेलेल्यांच्या महालाचे जे महाद्वार आहे त्याचे हे नाव. या साधनाची जिद्द अचाट आहे. ते प्रोग्राम थेट यंत्राला चालवूच देत नाही. प्रत्येक आज्ञा आपल्या हातात घेऊन, तपासून, मग पुढे सोडते. प्रत्येक बाइटामागे तो आपल्या हद्दीत आहे की नाही याची एक नोंद, आणि त्या बाइटातील आठही बिटांत अर्थपूर्ण मूल्य भरले आहे की नाही याच्या आठ नोंदी ते ठेवते. यामुळे प्रोग्राम वीस-तीस पटींनी मंदावतो. मोजणी चालू असताना नांगर चालणार कसा?

तर आमच्या नोंदवहीवर या मोजणीदाराने जो पंचनामा दिला त्याचा आशय असा: अमुक ओळीत एका बाइटाचे बेकायदा लेखन झाले आहे, २४ बाइटांच्या तुकड्याच्या शेवटानंतर शून्य बाइटांवर. म्हणजे बांधाला अगदी चिकटून. ती ओळ मुलीची नव्हती, मुलाची होती.

घडले होते ते असे. सीमध्ये नाव संपले हे कळण्यासाठी शेवटी शून्याचा एक बाइट ठेवावा लागतो. त्यामुळे सात अक्षरांच्या नावाला आठ कोठड्या हव्यात. मुलाने अक्षरे मोजून तेवढीच जागा मागितली होती, ‘अधिक एक’ विसरला होता. परंतु आमच्या लिनक्स संगणकावर जागा वाटणारा अधिकारी उदार होता: किती का थोडी मागा, तो २४ बाइट तरी पदरात घालतो. त्यामुळे तेवीस अक्षरांपर्यंतच्या प्रत्येक नावाचे शून्य त्या उदारपणात सामावून जाई. नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि मधल्या मोकळ्या जागा मिळून बरोबर चोवीस झाल्या की मात्र शून्य बांध ओलांडून पुढच्या तुकड्याच्या खुणेवर पडे आणि तिच्यावर कोरलेला आकार पुसून टाकी. तरीही त्या क्षणी काही बिघडत नसे. नंतर केव्हातरी त्या शेजारच्या नावाची जागा परत करावयाची वेळ आली, की मुलीचा भाग निमूटपणे ती परत करावयास जाई, अधिकारी खूण वाची आणि ‘हा काय आकार झाला?’ म्हणून काम थांबवी. चोवीस अक्षरी नावाची एक विद्यार्थिनी वर्गात नव्याने दाखल झाली होती. तिने पुस्तक नेले नसते तर नोंदवही वर्षभर निर्दोष ठरली असती. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, ही नावे रोमन लिपीत होती. देवनागरीत लिहिली असती तर प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे चूक पहिल्याच आठवड्यात उघडी पडली असती. आपल्या लिपीचा असा उपयोग मला तोवर सुचला नव्हता.

मोजणीदारावरही आंधळा विश्वास ठेवून चालत नाही. ओपनएसएसएल हा महाजालावरील गुप्त व्यवहारांना कुलूप घालणारा, सीमध्ये लिहिलेला प्रोग्राम-संग्रह आहे. त्यात किल्ल्या बनविण्यासाठी यदृच्छेने आलेले आकडे एकत्र घुसळले जात. न पेरलेल्या जमिनीतील मजकूर येथे वापरला जात आहे, अशी तक्रार वॅलग्राइंडने केली. डेबियन या लिनक्स-वाटपात २००६ साली ही तक्रार मिटविण्यासाठी दोन ओळी काढून टाकण्यात आल्या. त्यांतली एक खरोखर निरुपयोगी म्हणता आली असती. दुसरी मात्र सारी यदृच्छा आत आणणारी ओळ होती. ती गेल्यावर किल्लीमध्ये अनिश्चित असे काही उरलेच नाही. उरला तो केवळ चालू प्रोग्रामचा अनुक्रमांक, आणि तो ३२,७६८ च्या आतला. म्हणजे कुलपे लक्षावधी, पण एकेका प्रकारच्या किल्ल्या तेहतीस हजारांच्याही आत. मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत सुमारे वीस महिने कोणाच्याही ध्यानात आले नाही. तक्रार खोटी नव्हती; तिचा अर्थ लावण्यात चूक झाली. गुण कापणाऱ्या मास्तराचीही चूक याच जातीची होती, हे मला कबूल केले पाहिजे.

त्याच ओपनएसएसएलमध्ये ७ एप्रिल २०१४ रोजी जो दोष जाहीर झाला तो जगभर हार्टब्लीड या नावाने गाजला. दोन संगणक बोलत असताना समोरचा जागा आहे ना, हे पाहण्यासाठी एक हृदयस्पंदन पाठविण्याची सोय होती. एकाने लहानसा शब्द पाठवावयाचा, त्याची लांबी सांगावयाची आणि दुसऱ्याने तोच शब्द परत करावयाचा. सांगितलेली लांबी खरी आहे की नाही, हे तपासण्याचे राहून गेले. शब्द एका अक्षराचा पाठवून लांबी ६५,५३५ सांगितली, तर दुसरा संगणक ते एक अक्षर आणि त्यापुढे ढिगात जे काही असेल ते, जवळजवळ ६४ हजार बाइट भरून, निमूटपणे हाती देई. तेथे कोणाचा परवलीचा शब्द असे, कोणाचे पत्र, तर कधी खुद्द कुलपाची किल्ली. येथे बांध कोरला गेला नव्हता. बांधावर उभे राहून शेजाऱ्याचे घर न्याहाळले गेले होते, आणि पाहणाऱ्याचे पाऊलही मातीत उमटत नव्हते. कॅनडाच्या कर-खात्याने सुमारे ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक यातून चोरीस गेल्याचे जाहीर केले. हा दोष असलेली आवृत्ती मार्च २०१२ पासून प्रसारात होती.

या प्रकरणातील एक गोष्ट वर्तमानपत्रांत फारशी आली नाही. ओपनबीएसडीसारख्या प्रणालींत ढिगाच्या वाटणीतच काही कुंपणे घातलेली होती. पण ओपनएसएसएलने वेगासाठी, परत आलेली जमीन सरकारजमा न करता आपल्याच पदरी ठेवून पुन्हा वाटण्याची स्वतंत्र वहिवाट चालविली होती. त्यामुळे सरकारी कुंपणाला काही करण्याची संधीच मिळेना, अशी कडक टीका ओपनबीएसडीचे प्रमुख थिओ डी राट यांनी केली. आठ हजार बाइटांच्या काळातली काटकसर, गिगाबाइटांच्या काळात सवय म्हणून उरली होती.

गूगलमधील अभियंत्यांनी २०१२ साली ‘अॅड्रेस सॅनिटायझर’चा निबंध प्रसिद्ध केला. यात पहारा कंपायलर म्हणजे भाषांतरक स्वतःच बसवितो. दोन तुकड्यांमध्ये विषारी पट्टा सोडतो आणि परत आलेली जमीन काही काळ विलगीकरणात ठेवतो. मंदी सरासरी ७३ टक्के, म्हणजे दुपटीच्याही आत. एकट्या क्रोमियम ब्राउझरमध्ये तीनशेहून अधिक अज्ञात चुका याने बाहेर काढल्या. इतके असूनही २०१९ साली मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी सांगितले की, दरवर्षी ते बुजवीत असलेल्या सुरक्षा-छिद्रांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या हाताळणीतली असतात. पुढल्या वर्षी क्रोमियमने आपल्या गंभीर छिद्रांविषयी जवळजवळ तोच आकडा दिला, आणि त्यांतील निम्मी परत केलेल्या जमिनीतल्या वहिवाटीची होती. पाहणी करणारे साधन चाललेल्या वाटेचीच पाहणी करते. ज्या दिवशी चोवीस अक्षरी नाव आलेच नाही, त्या दिवशी ते मूकच राहते.

म्हणून आता नोंद पुन्हा कचेरीकडे सोपविण्याचा विचार बळावला आहे. ग्रेडन होअर यांनी २००६ साली आरंभलेल्या आणि मे २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेत मालकी कोणाची व उसनवारी कोणाची, हे भाषांतरकाला आधीच दाखवून द्यावे लागते. कागद जुळले नाहीत तर नांगर शेतात उतरतच नाही, आणि यासाठी झाडूवाल्याचीही गरज पडत नाही. डिसेंबर २०२२ च्या ६.१ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात रस्टला प्रवेश मिळाला. तथापि त्या गाभ्याचा फार मोठा भाग सीमध्येच आहे, आणि तो एका पिढीत बदलून होईल असे मला वाटत नाही. माझ्या वर्गात मी अजून सीच शिकवितो. कोठडीचा क्रमांक म्हणजे काय हे ज्याला कळले नाही, त्याला रस्टचा तलाठी कशासाठी अडवितो तेही कळणार नाही.

त्या मुलीचे गुण मी सर्व वर्गासमक्ष परत केले. तिने काही म्हटले नाही. मुलगा मात्र फार ओशाळला. त्याची समजूत घालण्याचे काम मला करावे लागले. कारण तीन महिने चाललेल्या प्रोग्रामात चूक असू शकते, हे त्याला खरे वाटेना. नोंदवही अद्याप वापरात आहे. जागा मागणाऱ्या ओळीत ‘अधिक १’ आले आहे, आणि तिच्या वर मुलीने, मुलाच्या परवानगीने, पुढच्या वर्गांसाठी एक टीप लिहून ठेवली आहे: येथून एक वजा केल्यास प्रोग्राम माझ्या भागात कोसळेल.